स्नायूतले कॅल्शियम आणि ताटातले कॅल्शियम



गेल्या फेब्रुवारीतील गोष्ट. कऱ्हाड परिसरातील आमच्या गावात उसाचा हंगाम सरत आला होता. शिवारात ठिकठिकाणी पाचट पेटले होते आणि माझ्या दवाखान्यात धाप लागलेल्यांची रांग होती. त्या रांगेत मला पाचवीत गणित शिकवलेल्या बाई बसल्या होत्या. वय ७२, दमा वीस वर्षांचा. डाव्या मनगटाला प्लास्टर होते आणि श्वास घेताना छातीत शिट्टी वाजत होती.

"अरे, तुझ्या सांगण्यावरून चार महिने दुधाचा थेंब घेतला नाही. कॅल्शियमची गोळीही बंद केली. तरी धाप काही जाईना. आणि परवा न्हाणीघरात पाय घसरला, तर हातच मोडला."

मी चक्रावलो. दूध सोडा असे मी कोणालाच सांगत नाही. मग बाईंनीच आठवण करून दिली. दिवाळीच्या सुमारास त्यांनी मला विचारले होते, "धाप लागते तेव्हा नळ्या आवळतात म्हणतोस, पण त्या आवळतात कशाने?" बाहेर गर्दी होती. मी घाईत उत्तर दिले होते, "नळीभोवतीच्या स्नायूत कॅल्शियम वाढते, म्हणून." बाईंनी घरी जाऊन त्याचा सरळ अर्थ लावला. कॅल्शियम वाढल्याने नळी आवळत असेल, तर कॅल्शियम कमी करावे. औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या नातीने पुस्तकात पाहून दुजोरा दिला आणि भर घातली, की पोटॅशियमची दारे उघडली की स्नायू सैल पडतो. म्हणून रोज दोन केळी सुरू झाली. रोज घ्यायचा पंप 'सवय लागेल' या भीतीने कपाटात गेला आणि तात्पुरत्या आरामाचा निळा पंप दिवसातून सहा-सहा वेळा चालू राहिला.

बाईंचा तर्क चुकला नव्हता, माझे विधानच अपुरे होते. वर्गात त्या नेहमी म्हणत, की नुसते उत्तर नको, रीत दाखव. ती रीत मी त्या दिवशी कागदावर आकृती काढून त्यांना दाखवली. असाच गैरसमज आणखी कोणत्या घरात असू शकेल, म्हणून ती आज आपल्यासमोर मांडतो.

नळीभोवतीचा पट्टा

आपली श्वासनलिका छातीत शिरल्यावर झाडाच्या फांद्यांसारखी दुभंगत जाते. या नळ्यांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंचे पट्टे असतात. हात उचलावा तसे हे स्नायू आपल्या इच्छेने हलत नाहीत. मज्जातंतू आणि रक्तातील द्रव्ये त्यांना आज्ञा देतात. पट्टा आवळला की नळी अरुंद होते. नळी किती अरुंद झाली, यावर श्वासाचे कष्ट फार वेगाने बदलतात. हवेचा प्रवाह संथ आणि सरळ धरला, तर नळीची रुंदी निम्मी झाल्यावर तिच्यातील अडथळा सोळा पट होतो. म्हणूनच थोड्याशा आकुंचनानेही माणूस हैराण होतो.

या स्नायूच्या प्रत्येक पेशीत कॅल्शियमचा एक विलक्षण हिशेब चाललेला असतो. पेशीच्या बाहेरील द्रवात कॅल्शियम जितके असते, त्याच्या सुमारे दहा हजारावा भागच पेशीच्या आतील द्रवात मोकळा असतो. आत शिरू पाहणारे कॅल्शियम पेशी सतत बाहेर फेकते आणि काही कॅल्शियम आपल्याच पोटातील एका बंदिस्त कोठारात साठवून ठेवते. घरात धान्याची कणगी असावी, तसे हे कोठार समजा.

धूर, थंड हवा किंवा परागकण यांनी श्वासमार्ग डिवचला गेला, की व्हेगस मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन हे द्रव्य सुटते. अ‍ॅलर्जीच्या वेळी हिस्टामीन, ल्युकोट्राइन अशी द्रव्येही त्यात सामील होतात. ती पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहींना चिकटतात, आत संदेश जातो आणि कणगीचे तोंड उघडते. कॅल्शियम बाहेर सांडते आणि कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला जाऊन मिळते. ही जोडी पुढे मायोसिन या प्रथिनाला कामाला लावते. मायोसिन अ‍ॅक्टिनच्या धाग्यांना ओढू लागते आणि पट्टा आवळतो.

यात आणखी एक गंमत आहे. कॅल्शियम एकदा वाढून तसेच राहत नाही. पेशीत त्याच्या लाटा उठतात आणि विरतात, पुन्हा उठतात. लाटा भराभर येऊ लागल्या की पकड घट्ट होते, संथ झाल्या की पकड ढिली पडते.

कॅल्शियमवाचून स्नायू आकुंचन पावत नाही, हे ज्ञान तसे जुने आहे. लंडनचे वैद्य सिडनी रिंगर यांनी १८८३ साली ते प्रसिद्ध केले. नळाच्या पाण्यात बनवलेल्या क्षारद्रावणात बेडकाचे हृदय धडधडत राहते, पण ऊर्ध्वपातित पाण्यात बनवलेल्या द्रावणात ते लवकरच थांबते, असे त्यांना दिसले. फरक नळाच्या पाण्यातील कॅल्शियमचा होता. रुग्णालयात सलाईन म्हणून जी 'रिंगर लॅक्टेट'ची बाटली लावतात, तिच्या नावातले रिंगर तेच.

पोटॅशियमची दारे

आता नातीने सांगितलेल्या दुसऱ्या अर्ध्या गोष्टीकडे वळू. स्नायूपेशीच्या पटलावर पोटॅशियमला बाहेर जाऊ देणारी दारे असतात. त्यांतील सर्वांत मोठी दारे कॅल्शियम वाढल्यावरच उघडतात. कुकरमध्ये वाफेचा दाब वाढला की शिट्टी वर उचलली जाते, तशीच ही सोय आहे. पोटॅशियम बाहेर पडले की पेशीच्या आतील विद्युतभार अधिक ऋण होतो आणि त्यामुळे बाहेरून कॅल्शियम आत आणणारी दारे मिटू लागतात. म्हणजे आवळण्याचा संदेशच सैल पडण्याची तजवीजही सुरू करतो. निरोगी माणसाचा श्वासमार्ग क्षणभर आवळला तरी पुन्हा मोकळा होतो, त्यामागे अशा अनेक तजविजी असतात.

निळ्या पंपातील सालब्युटामॉल हे औषध नेमके येथेच मदतीला येते. १९६९ साली ते इंग्लंडमध्ये बाजारात आले. स्नायूपेशीवरील बीटा ग्राहींना चिकटून ते आत वेगळाच संदेश पाठवते. त्याने कॅल्शियमच्या लाटा मंदावतात, पोटॅशियमची दारे अधिक उघडतात आणि मायोसिनची ओढही कमी होते. काही मिनिटांत छाती मोकळी वाटू लागते. हा परिणाम चार ते सहा तास टिकतो.

मग दूध सोडून काय बिघडले?

आता बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. आपण दूध प्यायलो काय आणि न प्यायलो काय, रक्तातील कॅल्शियमची पातळी शरीर फारशी हलू देत नाही. गळ्यातील पॅराथायरॉईड ग्रंथी त्यावर पहारा देतात. अन्नातून कॅल्शियम कमी आले, तर त्या हाडांतून काढून रक्तात आणतात. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. तीच आपली ठेव. त्यामुळे दूध सोडल्याने श्वासनलिकेच्या स्नायूला काहीच कळत नाही, हाडांची ठेव मात्र मोडत जाते.

बाईंच्या बाबतीत हे अधिकच महागात पडले. गेल्या काही वर्षांत दमा बळावल्यावर त्यांना अनेकदा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घ्याव्या लागल्या होत्या. तोंडावाटे वारंवार घेतलेल्या स्टिरॉइडने हाडे ठिसूळ होतात. रजोनिवृत्तीनंतर ती मुळातच विरळ झालेली असतात. ज्यांना कॅल्शियमची सर्वांत जास्त गरज होती, त्यांनीच ते बंद केले होते. मनगट चार महिन्यांच्या दूधबंदीनेच मोडले असे मी म्हणणार नाही. हाडे वर्षानुवर्षे विरत जातात. पण त्या हाडांना आधाराची गरज असताना माझ्या एका अर्धवट वाक्याने तो काढून घेतला होता.

प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. पेलाभर, म्हणजे २५० मिलिलिटर दुधातून त्यातले सुमारे ३०० मिलिग्रॅम मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते. दही, ताक, तीळ, हिरव्या पालेभाज्या याही उपयोगी. दुधाची खरोखर अ‍ॅलर्जी असेल तर गोष्ट निराळी. एरवी 'दुधाने कफ होतो' म्हणून दमेकऱ्याने, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलांनी, दूध तोडण्याचे कारण नाही.

केळ्यांचेही तेच. दारे किती उघडी आहेत, यावर सारे ठरते. पोटॅशियम पेशीत मुळातच बाहेरच्यापेक्षा तीसहून अधिक पट असते. दोन केळी खाल्ल्याने दार उघडत नाही. केळे हे चांगले फळ आहे, पण ते दम्याचे औषध नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी तर पोटॅशियमचा मारा डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. रक्तात ते वाढले तर हृदयाची लय बिघडते. उलट सालब्युटामॉलच्या मोठ्या मात्रेने, वारंवार नेब्युलायझर घेतल्याने, रक्तातील पोटॅशियम पेशींत ओढले जाऊन कमी होते. हातापायांत अशक्तपणा आणि छातीत धडधड जाणवते. हात थरथरतात तेही याच औषधाने.

याच वाटेवरची आणखी काही औषधे

बाईंनी विचारले, "माझ्या धाकट्या बहिणीला रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन देतात. ते कॅल्शियमची दारे बंद करते म्हणे. मग मला का देत नाहीस?" प्रश्न रास्त होता. ती गोळी बाहेरून आत येणारी दारे बंद करते. रक्तवाहिन्यांत त्याचा चांगला उपयोग होतो. श्वासनलिकेच्या स्नायूत मात्र बरेचसे कॅल्शियम आतल्या कणगीतून येते. पुढचे दार लावून कणगी बंद होत नाही. म्हणून दम्यावर या गोळ्यांचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही.

पोटॅशियमची दारे थेट उघडणारी औषधेही शास्त्रज्ञांनी अजमावली. १९९० च्या सुमारास क्रोमाकालिम नावाच्या अशा औषधाचे दमेकऱ्यांवर प्रयोग झाले. पण तशीच दारे रक्तवाहिन्यांतही असल्याने डोके दुखू लागे. दम्याचे औषध म्हणून ते रुळले नाही.

धोत्र्याचीही गोष्ट सांगण्याजोगी आहे. धोत्र्याचा धूर ओढण्याची रीत आपल्याकडे होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती येथूनच इंग्लंडला पोहोचली. धोत्र्यातील अ‍ॅट्रोपिन अ‍ॅसिटिलकोलीनला ग्राहीवर बसू देत नाही, म्हणून थोडा आराम पडे. पण धोत्रा विषारी आहे. भ्रम होतो, जीवही जातो. त्याच तत्त्वावरची इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही मोजक्या मात्रेची, सुरक्षित औषधे आज पंपात मिळतात. घरगुती प्रयोग कोणी करू नये.

२०१० साली अमेरिकेतील संशोधकांना श्वासनलिकेच्या स्नायूवर चक्क कडू चवीचे ग्राही आढळले. कडू पदार्थ थेट स्नायूवर टाकले की तो सैल पडला. असे नेमके का होते, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु कारल्याचा रस पोटात जातो, श्वासनलिकेत नव्हे. त्याने दमा बरा होईल, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका.

याउलट काही औषधे या वाटेवर अडथळा आणतात. प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीटा रोधक गोळ्या अर्धशिशी, हातांचा कंप, धडधड यांसाठी दिल्या जातात. त्या बीटा ग्राहीच अडवून बसतात. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायच्या टिमोलॉलच्या थेंबांनीही दमा उसळू शकतो. म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे गेलात तरी 'मला दमा आहे' हे आवर्जून सांगा.

स्नायू सुटला, सूज राहिली

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दम्यात केवळ स्नायू आवळत नाही. नळीचे आतील अस्तर सुजलेले असते आणि चिकट कफ साचतो. स्नायू इतका चिडखोर होण्यामागेही ही सूजच असते. निळा पंप स्नायूची पकड सोडवतो, पण सुजेला तो हात लावत नाही. छाती मोकळी झाल्याने माणसाला बरे वाटते आणि आत सूज वाढत राहते. पुढे निळा पंप रोजच्या रोज वारंवार घेतल्याने बीटा ग्राहींची संख्या घटते, परिणाम कमी टिकतो आणि नळ्या अधिकच हळव्या होतात. एक दिवस असा येतो, की नळी कफाने आणि सुजेने बुजलेली असते आणि पंप कितीही दाबला तरी उपयोग होत नाही.

ही नुसती भीती नव्हे. न्यूझीलंडमध्ये १९७६ नंतर दम्याने होणारे मृत्यू एकाएकी वाढले. त्याच वर्षी तेथे फेनोटेरॉल हे स्नायू सैल करणारे जोरकस औषध पंपातून आले होते. १९८९ साली संशोधकांनी या दोहोंचा संबंध दाखवला, औषधावर निर्बंध आले आणि मृत्यू घटले.

सूज कमी करणारे औषध म्हणजे श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड. त्याचा परिणाम काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी दिसतो. ते लगेच आराम देत नाही, म्हणून लोक ते सोडून देतात. त्याची सवय लागत नाही. थेट नळीत जात असल्याने मात्रा फार थोडी असते आणि हाडांना पोहोचणारा धोका गोळ्यांच्या तुलनेने बराच कमी असतो. हा पंप नियमित घेणाऱ्यावर गोळ्यांची वेळच कमी येते. हाडे वाचवायची असतील तर रोजचा पंप हीच खरी काळजी.

ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा, म्हणजेच 'जीना', ही संस्था दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे ठरवते. प्रौढांना आणि किशोरांना केवळ निळ्या पंपावर ठेवू नये, असे तिने २०१९ साली स्पष्ट सांगितले. आता अनेकांना बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप देतात. त्यात स्नायू सोडवणारे आणि सूज उतरवणारे, दोन्ही एकाच फवाऱ्यात मिळतात.

घरी एवढे पाहा

पंप मोजा. निळ्या पंपात साधारण २०० फवारे असतात. वर्षात तीन किंवा अधिक पंप संपत असतील, तर दमा आटोक्यात नाही आणि मोठ्या झटक्याचा धोका वाढलेला आहे. वर्षाला बारा संपत असतील, तर जिवाचा धोकाही वाढतो.

रंगावर विसंबू नका. कंपनीनुसार पंपांचे रंग बदलतात. पंपावरील औषधाचे नाव वाचा आणि 'रोजचा' व 'अडचणीचा' अशी मराठीत चिठ्ठी चिकटवा.

रीत तपासून घ्या. पंप डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा. स्पेसर वापरल्यास औषध घशात न राहता नळ्यांत पोहोचते. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून टाका.

रात्री खोकल्याने जाग येणे, जिना चढताना थांबावे लागणे, आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा आरामाचा पंप लागणे, यांतील एकही गोष्ट घडत असेल तर औषधांचा फेरविचार करायला या.

धोक्याची खूण ओळखा. एक वाक्य एका दमात पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, गुंगी येत असेल किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर त्या क्षणी रुग्णालयाची वाट धरा. निघताना आणि वाटेत स्पेसरमधून एकेक करून चार ते दहा फवारे द्या. गरज वाटल्यास वीस मिनिटांनी पुन्हा द्या. रुग्णाला आडवे न करता बसते ठेवा. छातीतली शिट्टी एकाएकी थांबली आणि माणूस मलूल झाला, तर ते सुधारल्याचे लक्षण समजू नका. हवा आत जाणेच थांबत आलेले असते.

बाईंना त्या दिवशी मी नेब्युलायझर दिला, कपाटातला पंप बाहेर काढायला लावला आणि कॅल्शियम, ड जीवनसत्त्व पुन्हा सुरू केले. हाडांची घनताही तपासून घेतली. ती अपेक्षेप्रमाणे कमी निघाली आणि तिच्यासाठी वेगळे उपचार सुरू झाले. जूनमध्ये, पहिल्या पावसात, त्या पुन्हा आल्या तेव्हा निळा पंप महिन्यातून एखाद्या वेळी लागत होता. मी काढलेला आकृतीचा कागद त्यांनी घडी घालून पर्समध्ये जपला होता. त्यात मायोसिनचे नाव मी चुकीचे लिहिले होते, ते त्यांनी लाल शाईने दुरुस्त केले होते.

डॉक्टरांनी घाईत सांगितलेले एखादे वाक्य आपल्याही मनात अर्धवट राहिले असेल, तर त्यावरून औषध किंवा अन्न बंद करण्याआधी कृपया पुन्हा विचारा. विचारण्यात संकोच नको. पुन्हा नीट सांगणे हे आमचेच काम आहे.